फरशीखालचे हीटिंग आणि पायांना लागणारा गारवा

प्रश्न : आम्ही नुकतेच स्टुटगार्टजवळच्या नव्या घरात राहायला आलो आहोत. ग्रॅनाइटच्या फरशीखाली कोब्यात गरम पाण्याच्या नळ्या आहेत. पुण्यातल्या गीझरच्या सवयीने रात्री आम्ही थर्मोस्टॅट १५ वर आणतो आणि सकाळी २२ वर नेतो. पण दुपारपर्यंत घर गारच राहते आणि फरशीही पायांना गरम लागत नाही. यंत्रणा बिघडली आहे का? बैठकीच्या खोलीत गालिचा अंथरावा का?
– एक वाचक, जर्मनी

उत्तर : आपल्या वर्णनावरून रात्रीची काटकसरच नडत असावी, असे दिसते. सिमेंटचा कोबा साडेसहा सेंटिमीटर जाडीचा धरला, तर चौरस मीटरला त्याचे वजन १३० किलोच्या आसपास भरते आणि तो ५ अंशांनी तापवायला सुमारे १८० वॉट-तास उष्णता लागते. यंत्रणा चौरस मीटरला ५०-६० वॉट देत असेल, तर नुसता कोबा तापण्यातच तीन-साडेतीन तास जातात. त्यात खोलीची हवा, भिंती आणि सामानही आपापला वाटा घेत असल्याने दुपार उजाडते. म्हणून थर्मोस्टॅट दिवसरात्र २१ च्या आसपास ठेवावा, रात्री उतरवायचाच तर एखाद-दुसऱ्या अंशाने उतरवावा, आणि बदल केल्यावर निदान एक दिवस थांबावे. तासातासाला बटण फिरवणाऱ्यांचे या यंत्रणेशी जमत नाही!

फरशी गरम न लागणे हा मात्र बिघाड नव्हे. युरोपीय मानकानुसार वावराच्या जागेत फरशीचे तापमान २९ अंशांपलीकडे जाऊ द्यायचे नसते, आणि नव्या घरात एरवी ते २३ ते २५ अंशच असते. तळपाय बहुधा त्याहून उष्ण असतात आणि दगड उष्णता चटकन ओढून घेतो, त्यामुळे खोलीला ऊब देणारी फरशीही पायांना गारच वाटते. याचा एक फायदाही आहे. फरशी २४ आणि खोली २० अंशांवर असताना खिडकीतून ऊन येऊन खोली २२ वर गेली, की दोहोंतला फरक निम्मा होतो आणि फरशीतून येणारी उष्णताही आपोआप निम्म्याच्या आसपास उतरते; भिंतीवर बसवलेल्या, ६० अंशांवर तापणाऱ्या रेडिएटरला मात्र तेवढ्या बदलाने फारसा फरक पडत नाही.

गालिचा पातळ विणीचा असावा, सतरंजी तर उत्तमच. जाड लोकरीचा किंवा रबरी पाठीचा टाळावा. एवढे करूनही एखादीच खोली गार राहिली, तर वितरण-पेटी (जिथून प्रत्येक खोलीच्या नळ्या निघतात आणि परत येतात ती पेटी) उघडून त्या खोलीच्या दोन्ही नळ्यांना हात लावून पाहावा. येणारी नळी कोमट आणि परतीची अगदी गार असेल, तर तिथे पाणी पुरेसे फिरत नाही किंवा हवा अडकली आहे, असे समजून प्लंबरला बोलवावे. आणि डोअर स्टॉपरसाठी फरशीला भोक पाडण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा, कारण नळ्यांवर कोब्याचा जेमतेम साडेचार सेंटिमीटरचा थर असतो.