‘खात्याचं मीठ खाऊन खात्याच्याच चुका काढणार?’

प्रश्न : मी पोलीस हवालदार आहे, नोकरीला २६ वर्षं झाली. मुलगी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाली. तिने पीएसआय व्हावं ही माझी इच्छा. ती म्हणते, पोलीस आणि सुरक्षा दलांचा कारभार कसा सुधारेल यावर मला संशोधन करायचंय. दोन वर्षं ती माझ्या ड्युटीच्या वेळा वहीत टिपत होती. खात्याचं मीठ खाऊन खात्याच्याच चुका काढणार, ही तर खात्याची बदनामी, असं म्हणून मी ती वही काढून घेतली. एम.ए.च्या प्रवेशाचे पैसे देणार नाही, असंही सांगितलं. महिना झाला, ती माझ्याशी बोलत नाही. तिला कसं समजवावं?

उत्तर : हवालदारसाहेब, नमस्कार.

पत्र वाचताना मी पीएसआयपाशी नाही, त्या वहीपाशी थांबले. पुरावा म्हणून तुम्ही त्यातली एक नोंद उतरवून पाठवली आहे : ‘अनंत चतुर्दशी. बाबा सकाळी ६ ला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी २ ला आले. न जेवता झोपले.’ म्हणजे ३२ तास. यात खात्याची बदनामी कुठे आहे? मला तर यात बापाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली पोर दिसली. ती वही तुम्ही हिसकावून घेतलीत, याचं मला फार वाईट वाटलं. तिचे मार्क, तिची निवड, यातलं काहीच मला काळजीचं वाटत नाही. घरातला हा अबोला वाटतो.

तिने घरात जे केलं, तेच २०१९ मध्ये देशभर झालं. ‘कॉमन कॉज’ ही संस्था आणि सीएसडीएस या दिल्लीच्या संशोधन संस्थेचा ‘लोकनीती’ कार्यक्रम यांनी मिळून सुमारे १२ हजार पोलिसांना प्रश्न विचारले, त्यांच्या घरच्यांनाही विचारले. सरासरी ड्युटी निघाली रोजची १४ तासांची. जवळपास निम्म्यांना आठवड्याची सुट्टीच नव्हती. तुमचं दुखणं आकड्यांत मांडलं ते संशोधकांनी.

आता तुमच्या ‘मिठा’बद्दल. खात्याचा अभ्यास म्हणजे खात्याशी वैर, हा समज मनातून काढून टाका. प्रकाश सिंह स्वतः आयपीएस. उत्तर प्रदेशचे पोलीस महासंचालक होते, सीमा सुरक्षा दलाचे प्रमुख होते. निवृत्तीनंतर १९९६ मध्ये पोलीस सुधारणांसाठी तेच सुप्रीम कोर्टात गेले. ‘कॉमन कॉज’ही त्या याचिकेत त्यांच्यासोबत होती. २२ सप्टेंबर २००६ ला निकाल लागला : महत्त्वाच्या पदांवर किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ, तपास आणि बंदोबस्त वेगळा, नागरिकांसाठी तक्रार प्राधिकरण. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात बदल करून आस्थापना मंडळं आणि तक्रार प्राधिकरण आणलं. निकालातलं पुष्कळ काही अनेक राज्यांत अजून कागदावरच आहे, म्हणून तर अभ्यास करणारी माणसं हवीत. आणि मुंबईतली आठ तासांची ड्युटी? ती योजना मांडली देवनार पोलीस ठाण्यातल्या एका कर्मचाऱ्याने. आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती ऐकून घेतली आणि २०१६ मध्ये तिथेच सुरुवात झाली. या सगळ्यांनी खात्याचंच मीठ खाल्लं होतं.

स्पष्टच लिहिते. तुमच्या बाहीवर तीन फिती आहेत आणि मुलीच्या खांद्यावर तुम्हाला दोन तारे बघायचे आहेत. इच्छा चांगली आहे, पण ती तुमची आहे. वयाच्या मर्यादेत ती परीक्षा पुढेही देता येते. मन नसताना वर्दी घालणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली तुम्ही काम केलंच असेल. ते दिवस आठवून पाहा.

मुलीलाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. या क्षेत्रात पैसा कमी आणि उशिरा. सुरुवातीच्या नोकऱ्या बहुतेक प्रकल्पापुरत्या, वर्ष-दोन वर्षांच्या. संख्याशास्त्र, कायद्याचं वाचन आणि माहितीचा अधिकार नीट वापरता येणं, यावाचून इथे निभाव लागत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची : बाबांच्या ठाण्यावर काहीही छापायचं नाही. नोकरीतला माणूस वर्तणुकीच्या नियमांनी बांधलेला असतो आणि मुलीच्या लेखातली एक ओळ वडिलांना चौकशीला उभी करू शकते. ही वही घरातच राहू दे. तिच्यातून प्रश्न घ्यायचे आणि उत्तरं रीतसर परवानगी काढून दुसरीकडे शोधायची.

बाकी एम.ए., नेट-जेआरएफ (प्राध्यापकी आणि संशोधनवृत्तीसाठीची परीक्षा), पीएच.डी. हा रस्ता तिला माहीत असणारच. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग, दोन्हीकडचे अभ्यासक्रम तिने पाहावेत.

‘तिला कसं समजवावं’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. प्रवेशाची मुदत कधी संपते ते आजच विचारा आणि पैसे भरा. पुढच्या सुट्टीला वही तिच्या हातात द्या आणि शेजारी बसा. त्या रात्रींच्या काही वेळा तिच्याकडून चुकल्या असतील, त्या तुम्हालाच दुरुस्त करता येतील.