वाचकांचे प्रश्न : परदेशी शिकल्यावर घर वेगळे का दिसते?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत पीएच.डी. करत असून तेथील पदवीच्या वर्गांना समाजशास्त्रही शिकवते. सुट्टीत घरी आली की तिला पुष्कळ गोष्टी खटकतात. कामाला येणाऱ्या बाईंचा कप वेगळा का, भाडेकरू ठेवताना आधी आडनाव का विचारायचे, भावाच्या लग्नाच्या जाहिरातीत पोटजात कशाला, असे ती विचारते. तिची आई म्हणते की पोरगी तिकडे जाऊन परकी झाली. शिक्षणाने माणूस आपल्या समाजापासून तुटतो का?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, सातारा

उत्तर : आपल्या मुलीच्या तिन्ही प्रश्नांत मला परकेपणा कुठेच दिसला नाही. परक्या माणसाला फळीवरचा कप दिसेल, पण तो कोणाचा आणि वेगळा का ठेवला आहे, हे कळायला त्याच घरात वाढावे लागते. तिला हे सारे आधीपासून ठाऊक होते. फरक पडला तो एवढाच, की आजवर रीत म्हणून चालत आलेल्या गोष्टींची कारणे द्यायची वेळ तिच्यावर आली. त्यात शिकण्यापेक्षा शिकवण्याचा वाटा मोठा असावा, असे मला वाटते. ज्यांनी जात ही गोष्ट केवळ पाठ्यपुस्तकात वाचली आहे अशा मुलांनी वर्गात सरळ प्रश्न विचारला, तर ‘आमच्याकडे असेच असते’ हे उत्तर शिक्षकाला देता येत नाही.

आपण साताऱ्याचे आहात, म्हणून साताऱ्यातच शाळेत गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण देतो. शाळेत तहान लागली तरी ज्यांना स्वतः नळ सोडून पाणी पिता येत नव्हते, त्यांना जात म्हणजे काय हे कळण्यासाठी न्यूयॉर्कला जाण्याची गरज नव्हती. मात्र बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गात वाचलेल्या निबंधात त्यांनी असे मांडले की जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात आहे, आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या प्रथा ते बंधन टिकवण्यासाठीच उभ्या राहिल्या. जे अंगावर झेलले होते, त्याची कार्यकारणमीमांसा त्यांनी तेथे केली. जाहिरातीतल्या पोटजातीविषयीचा आपल्या मुलीचा प्रश्न नेमका याच निबंधाच्या विषयाला हात घालतो.

दुसरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे की युरोप-अमेरिकेतील पाच वर्षांत आपण अस्पृश्य असल्याची जाणीव त्यांच्या मनातून पार पुसली गेली होती. १९१७ साली बडोद्यात नोकरीवर रुजू होताना राहायला जागा मिळेना, तेव्हा ती परत आली. म्हणजे परदेश सर्वांना एकच धडा देत नाही. ज्याला घरी मान नव्हता त्याला तेथे कधी कधी तो प्रथम मिळतो, आणि ज्याला घरी तो न मागता मिळत होता त्याला प्रथमच तो मागावा लागतो. इथे आडनावामुळे जिचे कधी अडले नाही, त्या आपल्या मुलीला तिकडे खोली शोधताना कोणी नाव ऐकून किंवा वर्ण पाहून टाळले असेल का, हे तिला एकदा शांतपणे विचारून पाहा. भाडेकरूच्या आडनावाचा प्रश्न तिला कुठून सुचला, हे कदाचित त्यातून कळेल.

हे ‘तिकडचे खूळ’ आहे असे तिच्या आईंना वाटत असल्यास त्यांना हेही सांगावे, की आपली माणसे जात बरोबर घेऊनच तिकडे गेली. २०१९ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठाने आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास मनाई केली, आणि अशा नियमांसाठी आग्रह धरणाऱ्यांत जातीची झळ सोसलेले दक्षिण आशियाई लोकच पुढे होते. कपाचा निर्णय तर आपल्या हातात आहे. तो मुलगी परत जाण्यापूर्वीच घ्यावा, असे मी मनापासून सुचवतो.

प्रश्न : मी इंग्लंडमधील एका विद्यापीठात भारताचा इतिहास शिकवतो. आपल्या समाजाचे दोष वर्गात सांगितले की येथील भारतीय मित्र म्हणतात, परक्यांसमोर घरची लक्तरे टांगू नकोस. ते टाळले तर विषयाशी अप्रामाणिकपणा होतो. काय करावे?
— एक प्राध्यापक, मूळ गाव नाशिक

उत्तर : या अडचणीतून पंडिता रमाबाई आपल्या कितीतरी आधी गेल्या आहेत. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकता शिकता संस्कृत शिकवू लागल्या. त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे अशी सूचना आली, तेव्हा भारतातील इंग्रज बिशपांनी हरकत घेतली. त्यावर रमाबाईंनी कळवले की आपल्या वडिलांनी किंवा पतीने अशा शिकवण्याला कधी आक्षेप घेतला नाही, मग या लोकांनी तो घ्यावा याचे आश्चर्य वाटते. आपल्या समाजातील स्त्रीच्या दुःखावर कठोर शब्दांत लिहिणारी हीच बाई, जिथे आपले घर अधिक उदार होते तिथे ते तितक्याच ठामपणे सांगत होती.

१८८७ साली अमेरिकेत त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले, तेथे मदत उभी केली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन सुरू केले. त्याच वर्षी मराठी वाचकांसाठी त्यांचे अमेरिकेवरील पुस्तक निघाले. त्यात तेथील स्त्रियांच्या संस्थांची मुक्तकंठाने स्तुती आहे, तसेच कृष्णवर्णीयांना आणि तेथील मूळ रहिवाशांना मिळणाऱ्या वागणुकीची परखड नोंदही आहे. आपल्या मित्रांना मी हेच दाखवीन. दोन्ही समाजांना एकच माप लावणाऱ्या शिक्षकावर लक्तरे टांगल्याचा आरोप टिकत नाही. आपणही जातीवरून घर नाकारण्याविषयी शिकवाल, तेव्हा काळ्या व आशियाई लोकांना घर नाकारणे ब्रिटनमध्ये १९६८ च्या कायद्यापर्यंत बेकायदेशीर नव्हते, हे त्याच तासाला सांगावे.

दोषांबरोबर ते दूर करण्यासाठी झगडलेली माणसेही वर्गात आणावीत, नाहीतर आपल्याकडची टीका बाहेरून शिकून आली असा विद्यार्थ्यांचा समज होईल. जोतीराव फुले परदेशी शिकायला गेले नव्हते. तरीही १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहून त्यांनी ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केली. ती अर्पणपत्रिका वर्गात वाचावी आणि त्या तासाला आपल्या मित्रांनाही बोलवावे.