पणजीची सांत इनेज खाडी बंदिस्त करून तिच्यावर रस्ता का बांधत नाहीत? दुर्गंधी आणि डास सोडले तर तिचा आता उपयोग तरी काय?

रस्ता बांधता येईल, पण बांधू नये, असे मी सांत इनेजमध्ये तळमजल्यावर राहणारा माणूस म्हणून सांगतो. तुम्ही कितव्या मजल्यावर राहता, ते प्रश्नात लिहिलेले नाही.

ही खाडी ताळगावच्या नागाळी टेकडीकडून निघते आणि टोंक, कामराभाट, सांत इनेज असे वळत कांपालला मांडवीत शिरते. भरतीच्या वेळी मांडवीचे पाणी उलट आत येते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो. उधाण आणि मुसळधार एकाच वेळी आले की ओहोटी लागेपर्यंत पावसाच्या पाण्याला बाहेर वाट नसते आणि तोवर ते पसरून थांबेल अशी जागा लागते. ताळगावच्या शेतांनी आणि इथल्या खाजनांनी, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनींनी, हेच काम केले. खाजनातल्या मानशीचे, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेचे, दरवाजे भरतीच्या दाबाने आपोआप मिटत आणि ओहोटीला उघडत. आपण शहर वाढवताना ती जमीन भरून टाकली, त्यामुळे आता पसरायला उरली ती मुख्यतः ही उघडी खाडीच.

आमच्या घरामागून खाडीकडे जाणारा एक लहान व्हाळ होता. शेजारच्या सोसायटीने गाड्या लावण्यासाठी त्याच्यावर स्लॅब टाकला आणि तसा सल्ला दिला होता आमच्याच भावोजींनी, जे बांधकामाची कंत्राटे घेतात आणि स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहतात. पुढच्या पावसाळ्यात अमावास्येच्या उधाणाला आमच्या न्हाणीच्या मोरीतून पाणी उलटे वर आले, स्वयंपाकघरात शिरले आणि तांदळाचा डबा तरंगू लागला. कुठे तुंबले आहे ते पाहायचे, तर वर स्लॅब. शेवटी पहारीने एक कोपरा फोडला, तेव्हा आत शहाळी, बाटल्या आणि फोमची एक अख्खी गादी अडकलेली सापडली. भावोजींचे म्हणणे आजही असे आहे की चूक बंदिस्त करण्यात नव्हती, स्लॅबखालच्या नळाचा व्यास कमी पडला. हे मला मुळीच मान्य नाही, कारण नळ कितीही मोठा घातला तरी त्याचे तोंड शेवटी मांडवीकडेच उघडणार आणि मांडवी चढलेली असेल तेव्हा तो आधीच भरलेला असणार.

खाडीच्या उपयोगाबद्दलही तुम्ही विचारले आहे. एके काळी तिच्यातून मालाच्या होड्या वर येत आणि लोक काठावर गळ टाकून बसत. आज तसे काही नाही, हे खरे.

दुर्गंधीची आणि डासांची तुमची तक्रार मात्र रास्त आहे, हे आधीच सांगायला हवे होते. पण ती दुर्गंधी आजूबाजूच्या सांडपाण्याची आहे. टोंकला सांडपाणी प्रक्रिया केंद्र असताना जी घरे अजून मलनिस्सारण वाहिनीला जोडलेली नाहीत, ती जोडणे हा त्यावरचा उपाय आहे. वर झाकण घातले तर घाण तशीच राहील, फक्त गाळ काढता येणार नाही. रस्ता जिथे खाडी ओलांडतो तिथे पूल हवाच, त्याला माझा विरोध नाही.

आमच्या मागचा उरलेला स्लॅबही सोसायटीने काढावा, ही मागणी मी सोडलेली नाही आणि भावोजी हे वाचत असतील तर त्यांनी तो काढण्याच्या खर्चाचा अंदाज लेखी द्यावा.