मोबाईलवरनं टेन्शन जातंय व्हय?

"मॅडम, समोर बसल्याशिवाय ह्या ऑनलाईन उपचाराचा काय उपयोग?" कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या केबिनमध्ये हा प्रश्न आठवड्यातनं एकदा तरी येतोच, आणि खरं सांगू का, पंधरा वर्षं मी पण हेच म्हणत होते.

मग गडहिंग्लजकडच्या एक ताई आल्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). एसटीत बसलं की छातीत धडधड, हातपाय गार, आता जीव जातोय असंच वाटायचं. ईसीजी नॉर्मल. दोनदा नवऱ्याच्या गाडीवरनं आल्या, मग फोन, "त्यास्नी रजा मिळंना. एसटीनं यायचं तर आधी बरं व्हायला पाहिजे की ओ!"

आता ह्याला काय उत्तर देणार? वाचायला लागले. स्वीडनमधले गेरहार्ड अँडरसन आणि त्यांचे सहकारी कितीतरी वर्षं इंटरनेटवरनं सीबीटी (विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारा उपचार) देतायत, म्हणजे दर आठवड्याला एक धडा, गृहपाठ आणि त्यावर थेरपिस्टचं चार ओळींचं उत्तर. चिंता, पॅनिक (ताईंसारखे अचानक येणारे भीतीचे झटके), डिप्रेशन, बऱ्याच अभ्यासांत हे समोरासमोरच्या उपचाराच्या तोडीचं ठरलंय. पण ब्रिटनमध्ये डिप्रेशनच्या ६९१ पेशंटवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये छापून आला, त्यात डॉक्टरांच्या नेहमीच्या उपचाराला कॉम्प्युटर प्रोग्रामची जोड देऊनही विशेष फायदा दिसला नाही, कारण बऱ्याच जणांनी तो नीट वापरलाच नाही.

माणसं असला उपचार मधेच का सोडतात, हे मला नीट कळलं ते ताईंमुळं. सोमवारी मी व्हॉट्सॲपवर अभ्यास द्यायची, त्या वहीत लिहून फोटो पाठवायच्या. तिसऱ्या आठवड्यात काहीच नाही.

"ताई, वही?"

"लिवलंय की. पण वाचतंय कोण एवढं?"

"मी. गेल्या खेपेला तुम्ही लिहिलंत, दूध उतू गेलं तवा धडधडलं, पण मेलो नाही."

बराच वेळ गप्प. मग, "खरंच वाचता व्हय?"

त्या रात्री चार पानं आली. वडिलांचं तेरावं करून माहेरनं परत येताना एसटीत पहिल्यांदा तसं झालं होतं. दोन भेटींत ह्यातलं अक्षर बोलल्या नव्हत्या. शेवटी लिहिलं होतं, "तुमच्यासमोर रडू आलं असतं." समोरासमोर बसणं ही माझी मोठी जमेची बाजू समजत होते मी, आणि ताईंना तीच आड येत होती!

पुढचं काम सरळ होतं. जिना चढल्यावरपण छाती धडधडते, तो काय हार्ट अटॅक असतो? मग एसटीत एक स्टॉप, मग दोन, धडधड आली तरी उतरायचं नाही, ती आपोआप उतरते. चौथ्या महिन्यात मला कोल्हापूरच्या अर्ध्या तिकिटाचा फोटो आला. केबिनला नाही, अंबाबाईला आल्या होत्या, एकट्या!

तर ॲप घेताना आधी विचारा, पलीकडं वाचणारं माणूस आहे का? नसेल तर गृहपाठ दोन आठवड्यांत बंद पडतो, तुमचा काय माझापण पडेल. मोबाईल घरात सगळ्यांच्या हातात फिरत असेल तर वहीत लिहा, फोटो पाठवून डिलीट करा. आणि जीव द्यावासा वाटतोय, जेवण-झोप गेलीय, तर ॲपच्या नादी लागू नका, थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठा. रात्री-अपरात्री टेली मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीतनं बोलता येतं.