लाल-काळी वायर आणि मुका सबवूफर

प्रश्न : जुना होम थिएटर संच बंद पडला, पण त्याचा सबवूफर धडधाकट आहे. मागे नुसती लाल-काळी वायर, विजेची पिन नाही. नव्या रिसीव्हरच्या ‘सबवूफर प्री-आउट’ला जोडला तर आवाजच नाही. रिसीव्हर सदोष आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : रिसीव्हरवर आळ घेऊ नका. प्री-आउटमधून नुसता सिग्नल येतो, जेमतेम एक-दोन व्होल्टचा. त्याने स्पीकरचा पडदा काय हलणार? तुमचा सबवूफर पॅसिव्ह, म्हणजे पोटात अ‍ॅम्प्लिफायर नसलेला. त्यामुळे मध्ये वेगळा अ‍ॅम्प्लिफायर हवाच : प्री-आउटमधून आरसीए केबल त्याला, तिथून स्पीकर वायर सबवूफरला. आधी सबवूफरच्या पाठीवरचं लेबल वाचा. संचातले सबवूफर पुष्कळदा ३-४ ओहमचे असतात (ओहम म्हणजे विजेला होणारा विरोध; तो जितका कमी, तितका अ‍ॅम्प्लिफायरवर ताण जास्त), तेवढा भार त्या अ‍ॅम्प्लिफायरला झेपला पाहिजे.

‘फ्रंट स्पीकरच्याच टर्मिनलला अडकवा’ असं कुणीतरी सांगेलच. ऐकू नका. ८ ओहमच्या स्पीकरला ४ ओहमचा समांतर जोडला की भार २.७ ओहमवर उतरतो. रिसीव्हर तापतो, प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो, कधी कायमचाच.

क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या सीमेखालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती, ८० हर्ट्झपासून सुरू करा. आणि अ‍ॅम्प्लिफायरचा खर्च फारच वाढायला लागला, तर सरळ पॉवर्ड, म्हणजे पोटातच अ‍ॅम्प्लिफायर असलेला सबवूफर घ्या. जुन्या खोक्याचा एवढा लोभ नको.