घर दिसायला लागल्यावरच जप

गोव्याहून शिडाच्या बोटीने मुंबईला परततोयस, मार्चमध्ये. म्हणजे दुपारनंतर वायव्येचा वारा थेट तोंडावर. पहाटेच्या मतलई (जमिनीकडून येणाऱ्या) वाऱ्यावर जितकं अंतर तोडता येईल तितकं तोड, दुपारी तिरकं-तिरकं जाऊन दमण्यापेक्षा ते बरं.

पण माझी खरी काळजी शेवटच्या पट्ट्याची आहे. मुंबईच्या दक्षिणेला, अलिबागजवळच्या खांदेरी बेटाचं दीपगृह दिसलं की माणूस मनाने घरी पोचतो, आणि जाळी तिथेच असतात. कोळ्यांच्या डोलजाळ्यांचे (एका जागी रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांचे) खुंट आणि तरंगते बोये रात्री दिसत नाहीत. मी स्वतः एकदा पहाटे तीनला सुकाणूत जाळं अडकवून दोन तास सुरीने कापत बसलो होतो, वर जाळंवाल्याला भरपाई दिली ती वेगळीच. (दिलीच पाहिजे. चूक माझी होती.) अंधार असेल तर बाहेर खोल पाण्यात थांब, उजाडल्यावर आत ये.

भरतीचं कोष्टक आधीच बघून ठेव. उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. ओहोटीच्या उलट आत शिरायचा हट्ट नको. कुलाब्याच्या टोकाला प्रॉंग्जचा खडक आहे, दीपगृहाला लांबून वळसा घाल. मोठ्या जहाजांच्या वाटेत रेंगाळू नकोस, व्हीएचएफ रेडिओच्या 16 नंबर चॅनेलवर (हाक मारायचा आणि संकटाचा चॅनेल) कान ठेव.

बोट बोयाला बांधल्यावर लगेच घरी पळू नकोस. शिडं गोड्या पाण्याने धुऊन वाळव, बिल्जमधलं (बोटीच्या तळाशी साचलेलं) पाणी उपस, काय काय तुटलं ते त्याच दिवशी वहीत लिही. आठवड्याने निम्मं आठवत नाही.

आणि निघतानाच घरी फोन कर. पोचायची वेळ मात्र चार तास पुढची सांग.