वाचक विचारतात : प्राडाची बॅग, बिल आणि कोल्हापुरी

प्रश्न : प्राडा, मिउ मिउ, चर्चेस आणि आता व्हर्साचे ही सगळी एकाच घरची का? (पुणे)

हो, ही सगळी प्राडा या इटालियन फॅशन कंपनीची. मारिओ प्राडा यांनी १९१३ मध्ये मिलानला चामडी सामानाचं दुकान काढलं. त्यांची नात मिउच्चा प्राडा यांनी १९७८ मध्ये सूत्रं हाती घेतली आणि १९९३ मध्ये मिउ मिउ हा दुसरा ब्रँड सुरू केला. मिउ मिउला 'स्वस्तातली प्राडा' समजू नका; किमती पाहिल्या की तो समज गळून पडतो. प्राडाचं डिझाइन २०२० पासून मिउच्चा आणि बेल्जियन डिझायनर राफ सिमन्स मिळून करतात. चर्चेस मात्र मूळचं नॉर्दम्प्टनचं, १८७३ पासूनचं इंग्रजी बूट-घर. ते १९९९ मध्ये प्राडाकडे आलं. त्या बुटांचा तळ वेल्ट नावाच्या चामडी पट्टीला शिवलेला असतो, त्यामुळे झिजला की उसवून नवा बसवता येतो. व्हर्साचे हे इटलीतलंच फॅशन-घर सर्वांत ताजं : सव्वा अब्ज युरोंचा हा सौदा डिसेंबर २०२५ मध्ये पुरा झाला.

एक उपयोगी गोष्ट : प्राडाचे चष्मे एसिलॉरलक्सॉटिका बनवते आणि अत्तरं लोरिआल, तीही परवान्यावर. म्हणून फ्रेमची दांडी तुटली तर बॅगांच्या दुकानात नव्हे, त्या फ्रेम विकणाऱ्या अधिकृत चष्मेवाल्याकडे जा.

प्रश्न : साफियानो चामड्याची बॅग आहे. कडा सोलताहेत, पावसाळ्यात बुरशीही धरते. बुटाचं पॉलिश चालेल का? (ठाणे)

नको. साफियानोवरच्या बारीक तिरक्या रेघा उष्णता आणि दाब देऊन उठवलेल्या असतात आणि वर संरक्षक थर असतो. पाणी ओघळून जातं ते त्यामुळेच. पण त्याच थरामुळे पॉलिश किंवा तेलही आत मुरत नाही. रेघांत साचतं, धूळ ओढतं आणि महिन्याभरात बॅग कळकट दिसू लागते. मऊ कोरडा ब्रश दोन्ही तिरक्या दिशांनी फिरवा, घट्ट पिळलेल्या कापडाने पुसा, लगेच कोरडं करा. हँड सॅनिटायझरचा हात लागू देऊ नका, अल्कोहोलने वरचा थर उतरतो.

कडांवर सोलतं ते चामडं नसून कडेचा रंग असतो. सतत वाकून आणि घामट हवेने त्याला तडे जातात. सुटलेली टोकं ओढू नका, सोबत चांगला रंगही निघून येतो. बॅगा दुरुस्त करणाऱ्याला जुना रंग बारीक पॉलिश पेपरने घासून काढायला सांगा. नंतर कडेसाठीच मिळणारा रंग दोन-तीन पातळ हातांत द्यायचा, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. एकच जाड हात दिला की पुन्हा तडकलाच.

पावसाळ्यात आत साधा पांढरा कागद भरा (वर्तमानपत्राची शाई अस्तराला लागते), सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि सुती पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते.

प्रश्न : मिलानमध्ये बॅग घेतली तर २२ टक्के कर परत मिळतो म्हणतात. खरंच? (नाशिक)

परत मिळतो, पण २२ टक्के नव्हे. कर किमतीत मिसळलेला असतो : १,२२० युरोंच्या बॅगेत २२० युरो कर, म्हणजे छापील किमतीच्या १८ टक्के. त्यातून परतावा कंपनी आपली कटती घेते. बिल ७० युरोंच्या वर हवं आणि तुमचं राहणं युरोपीय संघाबाहेर. जर्मनीत नोकरी करणाऱ्या भाच्याच्या नावावर घेतलीत तर काही मिळणार नाही, त्याचा पासपोर्ट भारतीय असला तरी.

दुकानातच पासपोर्ट दाखवून टॅक्स-फ्री फॉर्म घ्या. बॅग न वापरलेली ठेवा. खरेदीच्या महिन्यानंतर तीन महिन्यांच्या आत माल संघाबाहेर गेला पाहिजे. बॅग हातसामानात असेल, तर संघातल्या शेवटच्या विमानतळावर कस्टम्सची नोंद घ्या. मोठ्या सामानात जाणार असेल, तर ते विमान कंपनीच्या ताब्यात देण्याआधी. इथेच बहुतेकांची चूक होते. टूरने मिलानहून स्वित्झर्लंडला जाऊन झुरिकहून परतणार असाल, तर स्वित्झर्लंड संघात नसल्याने नोंद वाटेतल्या किआस्सो या इटली-स्वित्झर्लंड सीमेवरच करावी लागते, आणि बस तिथे थांबेलच असं नाही. टूरवाल्याला आधी विचारा.

प्रश्न : प्राडाने कोल्हापुरी उचलली, तरी जीआयचा काही उपयोग का झाला नाही? (सांगली)

जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, नावाला संरक्षण देतो. जून २०२५ च्या मिलान शोमध्ये चप्पल आली ती 'चामडी सँडल' म्हणून, कोल्हापुरी म्हणून नव्हे. शिवाय भारतातली नोंदणी इटलीत आपोआप लागू होत नाही. ती महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर या दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे, कारण क्षेत्रच दोन्हींकडचं : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. मुंबई उच्च न्यायालयातली प्राडाविरुद्धची जनहित याचिकाही याच मुद्द्यावर फेटाळली गेली : दाद मागायची तर ती नोंदणीधारकाने.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने याच दोन महामंडळांशी करार केला. योजना अशी की सुमारे २,००० जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे, किंमत अंदाजे ८०० युरो. आमचं मत : किमतीच्या आकड्यापेक्षा जोडामागे कारागिराला मजुरी किती मिळते, हे महामंडळांनी जाहीर करावं.